वाऱ्याचा डोळा

काचवाल्याची आठवण लोकांना काच फुटल्यावरच होते. एरवी त्याचं काम जितकं चोख, तितकं ते दिसेनासं होतं, आणि जे दिसत नाही त्याचं कौतुक करायला लोकांना वेळ कुठे असतो! तावदानतात्यांना मात्र त्याचं कधी वाईट वाटलं नाही. एखादा पक्षी येऊन काचेवर आपटला की आधी ते चुकचुकायचे, पक्षी सावरून उडाला की मिशीतल्या मिशीत हसायचे आणि म्हणायचे, "बघा, त्यालासुद्धा कळलं नाही मध्ये काच आहे म्हणून."

तात्या एकोणचाळीस वर्षं काचा बसवत होते. बोटाच्या पेराने टिचकी मारून काचेची जाडी सांगायचे आणि मोजून बघितलं तर ती तेवढीच निघायची. काच कापायचा हिरा त्यांच्या शर्टाच्या खिशात, रुमालात गुंडाळलेला असायचा. त्या हिऱ्याला कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे, मग तो सख्खा जावई का असेना. हिऱ्याचा कायदा त्यांना मामांनी शिकवला होता: रेघ एकदाच ओढायची. चुकली तर चुकली, पण त्याच रेघेवरून पुन्हा हात फिरवायचा नाही, नाहीतर हिराही जातो आणि काचही. मामा म्हणायचे, "शब्द आणि रेघ. सुटली की सुटली."

तात्यांचा स्वतःचा कायदाही एकच होता. खिडकी म्हणजे उजेड. बाकी सगळी लुडबुड. झडपा, बिजागऱ्या, कड्या, आकडे, यांनी उजेड अडतो, धूळ साठते आणि रात्रभर खडखड होते ती वेगळीच. चार माणसांत बसले की तात्या हे असं काही रंगवून सांगायचे की ऐकणाऱ्याला घरी जाऊन आपल्या खिडक्यांची लाज वाटावी.

त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात देखणी काच त्यांच्याच घरी होती. दुसऱ्या मजल्यावर, मागच्या बाजूला, स्वयंपाकघरात. साडेचार फूट रुंद आणि चार फूट उंच, मध्ये दांडी नाही, जोड नाही, एकसंध तावदान. नव्या घरात राहायला आले तेव्हा त्यांनी ते बायकोला भेट दिलं होतं. जिन्याच्या वळणावर ते वळेना, म्हणून गादीत गुंडाळून, दोरांनी बांधून बाहेरून वर चढवलं. चौघेजण दोर ओढत होते आणि तात्या खाली उभे राहून ओरडत होते, "अरे हळू! नवरीमुलगी आहे ती!" गल्ली गोळा झाली होती. काच बसली, कापसाने पुसली आणि बाहेरचं उंच झाड असं काही आत आलं की शेजारणींनी तोंडात बोटं घातली.

काकूंनी, म्हणजे तात्यांच्या बायकोने, तेव्हा एकच प्रश्न विचारला होता.

"अहो, पण ही उघडते कुठून?"

तात्या पोट धरून हसले होते. "उघडायची कशाला? सगळं दिसतंय ना!" मग चौघे मदतनीसही हसले आणि काकूही हसल्या. तो विषय तिथेच संपला. त्याला आता अठ्ठावीस वर्षं झाली होती. इतकी वर्षं काकू रोज सकाळी ओट्यावर चढून ती काच आतून पुसत होत्या. बाहेरून पाऊस पुसायचा.

खोकला सुरू झाला त्याला चार वर्षं झाली असतील. आधी फोडणी टाकताना, मग पोळ्या भाजताना, मग नुसतं गॅससमोर उभं राहिलं तरी. दोन वाक्यं बोलून काकू थांबायच्या, ओट्याला हात टेकायच्या आणि श्वास गोळा करायच्या. डॉक्टरीणबाई शांत स्वभावाच्या. त्यांनी तीनदा तपासलं आणि तीनदा तोच प्रश्न विचारला, "स्वयंपाकघराला खिडकी आहे ना?"

आणि तिन्ही वेळा तात्यांनी छाती पुढे काढून उत्तर दिलं, "खिडकी? अहो, एवढी मोठी खिडकी अख्ख्या गल्लीत नाही!"

माणूस खोटं बोलला असता तर एक वेळ पकडला तरी गेला असता. हे तर शंभर टक्के खरं बोलत होते. डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली, औषध बदललं, मग आणखी बदललं. शेवटी म्हणाल्या, "यांना काही महिने या घरातून हलवा. मोकळ्या जागेत ठेवा. फुप्फुसं अशीच कोंडत गेली तर पुढे माझ्या हातात फार काही राहणार नाही." मुलगी तिकडे लांब, गावाबाहेर राहत होती. तिने फोनवरच निकाल लावला, "मी रविवारी येते आणि आईला घेऊन जाते. किती महिने ते नंतर बघू." काकूंनी ना हो म्हटलं ना नाही. कपाटावरची बॅग मात्र त्यांनी स्वतःच खाली काढली.  बत्तीस वर्षांच्या संसारात ही बाई चार रात्रींच्या वर कधी घराबाहेर राहिली नव्हती.

हे झालं सोमवारी. बुधवारी तात्यांना शब्दवाल्या बाईंचं बोलावणं आलं.

या बाई शाळेत भाषा शिकवून निवृत्त झालेल्या. वय ऐंशीच्या आसपास, पण आवाज अजून शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. त्यांना घरातल्या वस्तूंच्या इंग्रजी शब्दांचं पुस्तक करायचं होतं. म्हणून त्यांनी काय करावं? प्रत्येक वस्तूवर तिच्या शब्दाची चिठ्ठी चिकटवली होती. चिठ्ठीवर बारीक अक्षरात तीन ओळी: अर्थ, वापर, जन्म. टेबलाला चिठ्ठी, टॉवेलला चिठ्ठी, दाराच्या मुठीला चिठ्ठी. तात्या चपला काढून आत आले आणि त्यांना वाटलं, आता बाई आपल्यालाही एक चिकटवतायत.

"हे कपबोर्ड बघा," बाई म्हणाल्या. "आज आपण त्यात कपडे कोंबतो. मुळात ती नुसती फळी होती, पेले मांडायची. दार नाही, काही नाही. आणि हा आरसा. मिरर. याच्या मुळाशी जो जुना शब्द आहे त्याचा अर्थ नवल करत बघणं."

तात्या आरशापुढे थबकले. आयुष्यात त्यांनी शेकड्यांनी आरसे कापले होते. काखेत घेऊन जिने चढले होते, पावसात स्वतः भिजून आरसा कोरडा ठेवला होता. तो शब्द हजारदा तोंडातून गेला होता आणि त्याच्या आत हे बसलं होतं. त्यांनी आरशात पाहिलं, तर समोर एक म्हातारा खरंच नवल करत उभा होता.

"बरं, माझी खिडकी बघा," बाई म्हणाल्या.

लिहायच्या खोलीतल्या खिडकीचं एक तावदान तडकलं होतं. दोन झडपा, जुन्या लाकडाच्या, थोड्या फुगलेल्या. तात्यांनी टिचकी मारली, माप घेतलं आणि नेहमीची टकळी सुरू केली. "बाई, माझं ऐका. या झडपांचं लचांड काढूनच टाकू. एकसंध काच बसवतो, आमच्या घरी आहे तशी. धूळ नाही, खडखड नाही. नुसता उजेड!"

"आणि उघडायची कुठून?" बाईंनी विचारलं.

तात्या सवयीने हसायला गेले आणि थांबले. तेच शब्द होते. अठ्ठावीस वर्षांपूर्वीचे, ओट्याशी उभ्या असलेल्या एका तरुण बाईचे.

"उघडायची कशाला?" ते म्हणाले, पण आवाजात दम नव्हता.

बाईंनी चौकटीवरची चिठ्ठी सोडवली, चष्मा पुसला आणि वर्गात वाचतात तशी वाचायला घेतली. "विंडो. अर्थ, भिंतीतली उघडी जागा. वापर, घराची, दुकानाची, गाडीची, तिकिटाची."

"तिकिटाच्या खिडकीला काच असते," तात्या घाईने म्हणाले. बुडत्याला काडीचा आधार.

"असते ना. आणि काचेच्या खाली?"

 काचेच्या खाली हात जाईल एवढं भोक असतं. अशा कितीतरी काचांना ते अर्धगोल भोक तात्यांनी स्वतःच पाडून दिलं होतं.

"आता जन्म," बाई म्हणाल्या आणि त्यांचा आवाज एकदम खाली आला, देव्हाऱ्यापुढे येतो तसा. "हा शब्द इंग्रजांचा स्वतःचा नाही, तात्या. त्यांच्याही उत्तरेला, थंड समुद्राकाठी जी माणसं राहायची, त्यांचा आहे. ती माणसं होड्यांतून आली, लुटालूट केली, काही तिथेच राहिली, संसार थाटले. आणि हा शब्द तिथल्या भाषेत रुजला. हजार वर्षं तरी झाली असतील. दोन तुकड्यांचा शब्द आहे. पहिला तुकडा म्हणजे वारा. दुसरा म्हणजे डोळा."

"वाऱ्याचा डोळा?"

"वाऱ्याचा डोळा."

तात्या खुर्चीवर बसले. बसा म्हणायची वाटसुद्धा त्यांनी बघितली नाही. अंगावर सरसरून काटा आला होता आणि तो का आला हे त्यांना सांगता आलं नसतं.

"म्हणजे काचेला..."

"काच कुठली आलीय! साध्या माणसाच्या घरात काच यायला पुढे शेकडो वर्षं जायची होती. तेव्हा नुसतं भोक. आत आग पेटलेली, पोरंबाळं, म्हातारी माणसं, धूर कोंडलेला. वारा आत यायला आणि धूर बाहेर जायला एक भोक ठेवायचे. इंग्रजांचा स्वतःचा त्याआधीचा जो शब्द होता, त्याचाही अर्थ डोळ्याचं भोक. आणि आपल्याकडे बघा. गवाक्ष. गव म्हणजे गाय, अक्ष म्हणजे डोळा. गाईचा डोळा! आणि दुसरा शब्द वातायन. वाऱ्याचा जायचा-यायचा रस्ता."

"यांची त्यांची काही ओळखपाळख?"

"छे हो! मध्ये डोंगर किती, समुद्र किती. जाणकार म्हणतात की या भाषा फार फार मागे गेलं तर एका घरातून निघालेल्या बहिणी आहेत. पण तेव्हा कुठे खिडक्या होत्या? वेगळं झाल्यावर ज्याने त्याने आपापली भिंत बांधली, भोक पाडलं, आणि ते बघून यांनाही डोळा आठवला आणि त्यांनाही. यांनाही वारा आठवला आणि त्यांनाही." बाईंचेच डोळे भरून आले होते. "साठ वर्षं शब्दांत घालवली मी, तात्या. अजून असं काही सापडलं की दिवसभर जेवण जात नाही."

 तात्यांनी अगदी हळू, पोरासारखं विचारलं, "आणि उजेड? उजेड कुणाच्याच नावात नाही?"

बाईंनी चिठ्ठी उलटसुलट केली. "या शब्दांत तरी नाही बाई."

तात्यांनी काय केलं असेल? तडकलेलं तावदान बदललं, नवं बसवलं, काच घट्ट धरणारी लांबी कडेने भरली, झडप चार वेळा उघडून मिटून बघितली आणि बिजागऱ्यांना तेल सोडलं. निघताना म्हणाले, "बाई, ती चिठ्ठी मला मिळेल?" बाईंनी दुसरी लिहून घेतली आणि ती त्यांना देऊन टाकली.

दुपारी घरी आले तेव्हा काकू स्वयंपाकाला लागल्या होत्या. आता गंमत बघा. एवढ्या वर्षांत तात्या स्वयंपाकघरात यायचे ते पाणी प्यायला, नाहीतर पाहुण्यांना काच दाखवायला. स्वयंपाक चालू असताना, पहिल्यापासून शेवटपर्यंत, ते तिथे कधीच उभे राहिले नव्हते. त्या दिवशी राहिले. पिशवीतून ओळंब्याचा दोरा काढला, वजन सोडवलं आणि तो हलका दोरा तावदानासमोर छताच्या खिळ्याला लोंबत सोडला.

"हे काय आता?" काकू म्हणाल्या.

"तू तुझं काम कर."

बाहेर झाड जोरात हलत होतं. फांद्या अक्षरशः काचेवर यायच्या. आणि काचेच्या आत, हातभर अंतरावर, तो दोरा सुतासारखा सरळ उभा होता. काकूंनी फोडणी टाकली. वाफ आणि तिखटाचा धूर वर गेला, छताला लागला, काचेपाशी गेला, तिथून खाली वळला आणि पुन्हा काकूंच्या तोंडावर आला. तात्यांनी ते डोळ्यांनी बघितलं. दोरा तरीही हलला नाही. काकूंना ढास लागली. थोड्या वेळाने तात्यांनाही लागली, आणि ते बाहेर पळाले नाहीत, तिथेच खोकत राहिले. नाकातोंडातून पाणी येत होतं, त्यातलं धुराचं किती आणि शरमेचं किती, कोण सांगणार? दिव्याखाली अंधार म्हणतात. इथे तर अंधारही नव्हता, लख्ख उजेडात बायको गुदमरत होती.

"अगं, मला एवढी वर्षं बोलली का नाहीस?" ते शेवटी म्हणाले.

काकूंनी गॅस बंद केला आणि पदराने तोंड पुसलं. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. "विचारलं होतं की एकदा. तुम्ही हसलात."

शुक्रवारी सकाळी तात्यांनी तावदान काढायला घेतलं. अठ्ठावीस वर्षांची लांबी दगड झाली होती. तापवलेल्या लोखंडाने मऊ करत, पट्टी-पट्टीने सोडवत दुपार झाली. काकू मागे उभ्या राहून नको नको म्हणत होत्या. "अहो, राहू द्या! तुमची काच आहे ती! मी जाते ना लेकीकडे."

"माझी कसली? तुला दिली होती मी. आणि कशी दिली होती, तर तोंड बांधून."

मदतीला बोलावलेला सुतार आणि तात्या, दोघांनी मिळून काच उतरवली आणि जमिनीवर गोधडी पसरून तिच्यावर आडवी ठेवली. तात्यांनी खिशातून हिरा काढला. जुनी काच हट्टी असते, हे कुठलाही काचवाला सांगेल. नवी काच ऐकते, जुनी आपल्या मनाची. तात्यांनी तेलाचं बोट फिरवलं, पट्टी टेकवली आणि हात थांबला. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम गोधडीवर पडलं होतं आणि ते मधोमध कापायचं होतं.  काकू खाली बसल्या आणि त्यांनी दोन्ही हातांनी पट्टी दाबून धरली. सुताराने नंतर लोकांना सांगितलं, मी त्या माणसाच्या हिऱ्याशेजारी दुसऱ्याचा हात पहिल्यांदाच बघितला.

रेघ एकदाच ओढली. कर्र झालं, खालून टकटक केलं आणि काच दुभंगली. उजवा भाग सरळ निघाला. डावा मात्र ऐनवेळी रुसला आणि खालच्या बाजूला आडवा चिरला. सुतार हळहळला. तात्यांनी चिरेवर बोट फिरवलं आणि म्हणाले, "असू दे. या झडपेला मध्ये एक दांडी घालू." दांडी! ज्या माणसाने आयुष्यभर दांडीला शिव्या घातल्या, तो हे बोलला.

शनिवारी झडपा चढल्या. लांबी थोडी धरू दे म्हणून त्या रात्री कुणी हात लावला नाही.

रविवारी दहाला मुलगी आणि जावई आले. मुलीने दारातच बॅग बघितली आणि मग स्वयंपाकघर बघितलं. "बाबा, बैल गेला आणि झोपा केला! हे आत्ता सुचलं?"  तात्यांनी काकूंना पुढे केलं. "तू उघड."

काकूंनी कडी काढली आणि दोन्ही झडपा बाहेर ढकलल्या. छताचा दोरा आधी थोडा थरथरला. मग तिरका झाला आणि तसाच तिरका राहिला, कुणी बोटाने धरून ठेवावा तसा. कॅलेंडरची पानं फडफडली, मधल्या दाराचा पडदा फुगला, आणि अख्ख्या घरात काहीतरी चालत गेल्यासारखं झालं. चौघेही नुसते बघत उभे राहिले. 

काकूंनी सगळ्यांचा स्वयंपाक केला. एरवी फोडणीला वीसदा खोकायच्या, त्या दिवशी पाच-सहादा खोकल्या. मुलगी मोजत बसली होती. एका दिवसात खोकला पळाला, असं सांगायला मी काही भोंदू वैद्य नाही. पण मुलीने डॉक्टरीणबाईंना फोन लावला, खरं काय ते सगळं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "एक महिना बघू. दर आठवड्याला दाखवायला आणा." मुलीने बॅग उचलली आणि स्वतःच कपाटावर ठेवली. तात्यांचा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी मुलगी-जावई गेले. तात्यांनी खिशातून बाईंची चिठ्ठी काढली आणि चौकटीच्या आतल्या बाजूला नीट चिकटवली. वळून बघतात तो काकू खिडकीशी स्टुलावर बसलेल्या, मान थोडी कलती, अजिबात हलत नव्हत्या. तात्या घाबरले.

"काय गं? श्वास लागला?"

"गप्प बसा जरा," काकू म्हणाल्या. "ऐकतेय."

तात्यांनी कान दिला. बाहेर नुसतं झाड हलत होतं.

"अठ्ठावीस वर्षं मी याला हलताना बघतेय," काकू म्हणाल्या. "आवाज आज ऐकला."

तात्या त्यांच्या शेजारी जमिनीवर बसले आणि दिवा लावायची वेळ टळून गेली तरी दोघंही उठले नाहीत.